सही कोणाची?

यंदाचा अंक वस्त्रविषयक काढावयाचे ठरले तेव्हा संपादकांनी निमंत्रणाच्या पत्रात एक सूचनाही केली होती: वस्त्राच्या सौंदर्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, या खेपेस कोणीतरी त्याच्या हिशेबाकडे पाहावे. हिशेब पाहावयाचा तर तो जेथे मांडला जातो तेथे गेले पाहिजे. भारतातून परदेशी रवाना होणाऱ्या सुती होजिअरीपैकी निम्म्याहून अधिक माल ज्या एका गावातून जातो ते तिरुपूर आपल्यापैकी बहुतेकांनी बनियनच्या खोक्यावर वाचलेले असते, पाहिलेले मात्र क्वचितच असते; म्हणून श्रावणात, मागे कोकणात पाऊस कोसळत असताना, मी कोइमतूरच्या गाडीने त्या कोरड्या, उजाड टापूत उतरले.

गाव स्टेशनापासूनच आपला धंदा सांगू लागते. काधरपेठेच्या अरुंद गल्ल्यांतून निर्यातीत नापसंत ठरलेल्या सदऱ्यांचे ढीग पडलेले असतात; त्यांच्या मानेवरची परदेशी नावे कात्रीने उडवलेली असतात, आणि तरीही छातीवरच्या छाप्यावरून तो माल कोणत्या मुलखासाठी निघाला होता हे सहज ओळखू येते. पुढे रस्त्याने सुताचे कोन, विणलेल्या कापडाच्या गुंडाळ्या, रंगवून आलेले ओले-सुके तागे आणि कापलेल्या बाह्यांची गाठोडी वाहणारे टेंपो एकमेकांना वाट देत-घेत दिवसभर धावत असतात, कारण येथे एक सदरा एका छपराखाली तयार होत नाही. विणकाम एकाकडे, रंगकाम दुसऱ्याकडे, छपाई तिसऱ्याकडे, शिवण चौथ्याकडे अशी त्याची गावभर यात्रा होते आणि प्रत्येक मुक्कामी त्याचा दर वेगळा ठरलेला असतो.

एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या पॅकिंग विभागात मला बराच वेळ उभे राहू दिले गेले. लांब टेबलांशी उभ्या असलेल्या बाया सदऱ्याची घडी घालीत, बाहीखालून दोरा ओवून त्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवीत आणि तो पिशवीत सारीत. चिठ्ठीवर विक्रीची किंमत छापलेली होती आणि ती युरोमध्ये होती. दुकान सहस्रावधी कोसांवर, ग्राहक अद्याप घरातून निघालेलाही नाही, परंतु तो काय देणार हे येथे, शिवणीचा दोरा पुरता तोडला जाण्यापूर्वीच, छापून तयार असते. त्या आकड्याचे रुपये किती होतात असे एका बाईने मला विचारले. मी हिशेब करून सांगितले. तिच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी ती रक्कम होती. ती हसली, शेजारणीला तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, आणि दोघींचे हात तसेच चालू राहिले.

किमतीचे हे अगोदर छापले जाणे माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. सामान्य समजूत अशी की, कापूस, सूत, रंग, मजुरी, नफा यांची बेरीज होत होत वस्तूची किंमत वर चढते. या धंद्यात गणित उलट दिशेने उतरते. दुकानातील किंमत आधी निश्चित होते; तीतून दुकानाचे भाडे, जाहिरात, हंगामाअखेरीस द्यावयाची सूट, जहाजाचे भाडे आणि जकात वजा जाते; जे उरते ते बंदरात माल पोचवून देण्याचा दर म्हणून कारखानदाराला सांगितले जाते. तो आपल्या परीने पुढे वजाबाकी करतो. सुताचा भाव कापसाच्या बाजारावर, रंगरसायनांचा जागतिक दरावर, विजेचा सरकारी फर्मानावर आणि कर्जाचा बँकेवर; यांतील एकही त्याच्या विनवणीने हलत नाही. वजाबाकीच्या तळाशी दोनच बाबी अशा राहतात की ज्या दाबल्या तरी तत्काळ कोणी दरवाजा ठोठावीत नाही: शिवणाऱ्याची मजुरी, आणि ज्या नदीत रंगाचे पाणी सोडावयाचे ती नदी.

दीड शिफ्टचे गाव

तिरुपुरात कोणी किती तास काम केले असे विचारीत नाही. किती शिफ्ट झाल्या असे विचारतात. सकाळी साडेआठपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत एक शिफ्ट, आणि तेथून रात्री आठपर्यंत अर्धी. ही दीड शिफ्ट हाच येथला रोजचा दिवस, आणि माल जहाजावर चढावयाची तारीख जवळ आली की दिवस दोन शिफ्टचाही होतो. शनिवारी आठवड्याचा पगार होतो. त्या संध्याकाळी बाजाराला जी गर्दी लोटते तीवरून हा गाव महिन्यावर नव्हे, आठवड्यावर जगतो हे ध्यानात येते.

शिवणीचे काम मालक स्वतः करवून घेतोच असे नाही. 'पॉवर टेबल' म्हणून एक व्यवस्था येथे रूढ आहे. ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक यंत्रांची एक रांग आणि ती चालवणारे टेलर यांसह एक कंत्राटदार मालकाच्या शेडमध्ये येतो किंवा आपल्या घराच्या गच्चीवर पत्रा टाकून तेथेच काम आणवतो. मालकाशी त्याचा दर नगावर ठरतो आणि टेलरांशी त्याचा दर तो स्वतः ठरवतो. हजेरीपटावर नाव कोणाचे, भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावयाचा, यंत्राखाली बोट गेले तर दवाखान्याचा खर्च कोणाकडे, हे प्रश्न मालक आणि कंत्राटदार यांच्यामधल्या जागेत पडून राहतात. मी ज्या कंत्राटदाराशी बोलले तो स्वतः पंधरा वर्षे ओव्हरलॉकवर बसलेला होता. सारे त्याला 'अण्णा' म्हणत आणि तो त्यांच्यावर ओरडतही असे व अडीनडीला त्यांना उसने पैसेही देत असे. त्याला खलपुरुष ठरवणे सोपे आहे. परंतु मालकाने नगामागे पन्नास पैसे कमी केले की ते पन्नास पैसे कोठून आणावयाचे याचे दुसरे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

या गावाला संघर्षाचा इतिहास नाही असे कोणी समजू नये. १९८४ साली महागाई भत्त्यासाठी येथील होजिअरी कामगारांनी १२७ दिवस संप केला होता. मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना यांच्यात काही वर्षांनी एकदा तहनामा होऊन सर्व गावाची मजुरी शेकड्याने वाढवण्याची प्रथा आजही चालू आहे. परंतु पॉवर टेबलवरच्या नगाच्या दरापर्यंत ती वाढ झिरपेपर्यंत पुष्कळशी वाटेतच मुरते. कायद्याची गोष्ट त्याहून मंद. तमिळनाडू सरकारने २०१४ साली शिवणकामाच्या धंद्यातील किमान वेतन एका तपाच्या आसपास प्रथमच वाढवले. कारखानदारांनी त्या हुकमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो हुकूम कायम केला तेव्हा २०१६ चा जुलै उजाडला होता. मधल्या काळात शिवलेल्या सदऱ्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

आता यंत्रांशी बसणाऱ्यांत ओडिशा, बिहार, झारखंड येथून आलेली तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने दिसतात. ती कारखान्याच्याच वसतिगृहात राहतात, आणि ज्याचे घर मालकाच्या हाती त्याची संघटना बांधणे किती दुर्घट हे उघड आहे. आसपासच्या जिल्ह्यांतील सूतगिरण्यांनी याच वसतिगृहांचा एक विशेष क्रूर प्रकार चालवला होता: गरीब घरच्या, बहुधा दलित, अविवाहित मुलींना तीन वर्षांच्या कराराने आणावयाचे, आवाराबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, आणि मुदत पुरी झाल्यावर लग्नाच्या खर्चासाठी एकरकमी पैसे देण्याचे वचन द्यावयाचे. या योजनेला 'सुमंगली' असे नाव होते. तीन वर्षांच्या आत आजारी पडून घरी गेलेल्या मुलीला त्या रकमेवर पाणी सोडावे लागे.

बहात्तर वार

रास्त मजुरी म्हणजे किती, हा प्रश्न ऐकावयास तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण आपल्या देशाने त्याचे उत्तर फार पूर्वी वाराने आणि उष्मांकाने मोजून दिलेले आहे. १९५७ साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने असे ठरवले की, किमान वेतन एका कमावत्या माणसाच्या कुटुंबाला, म्हणजे चार माणसांच्या मिळून तीन उपभोग-एककांना, पुरेल असे असावे, आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या मापाने प्रौढामागे दिवसाला २,७०० उष्मांक, चार माणसांच्या कुटुंबास माणशी अठरा वार धरून वर्षाला बहात्तर वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यावर मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावयास सांगितले. कापड शिवणाऱ्याच्या घरातही बहात्तर वार कापड यावे ही अपेक्षा अशी कागदोपत्री गेली पासष्ट-सत्तर वर्षे उभी आहे. दीड शिफ्ट करणाऱ्या ज्या बायांशी मी बोलले त्यांच्यापैकी बहुतेकींच्या अंगावर काधरपेठेतील नापसंत मालच होता.

राष्ट्रीय मापदंड असूनही तो अमलात का येत नाही, याचे कारण प्रत्येक राज्यसरकार आणि प्रत्येक देशाचे सरकार एकाच भयाने ग्रासलेले आहे: आपण मजुरी वाढवली तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. हे भय निराधार नाही. तिरुपूरचे गिऱ्हाईक ढाक्याला, ढाक्याचे कंबोडियाला जाऊ शकते आणि जाते. याच भयावर तोड म्हणून आशियातील कामगार संघटनांनी मिळून २००९ साली आशियाई मूळ वेतनाची संकल्पना मांडली. एशिया फ्लोअर वेज या नावाने ती ओळखली जाते. तिचे गणित आपल्या १९५७ च्या गणिताचेच धाकटे भावंड वाटावे असे आहे: तीन एककांचे कुटुंब, उष्मांक मात्र ३,०००, अन्नावर वेतनाचा निम्मा भाग, आणि देशोदेशींच्या चलनांऐवजी क्रयशक्तीचे समान माप. सर्व आशियाने एकाच वेळी एका तळाखाली जाण्यास नकार दिला तर पळून जावयास जागाच उरणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. युक्तिवादात खोट नाही. पण बांगलादेशात २०२३ साली कामगार संघटनांनी २३,००० टाक्यांची मागणी केली, वेतन मंडळाने १२,५०० दिले, आणि त्या आंदोलनात निदान चार कामगार प्राणास मुकले. आशियाई मूळ वेतन कोणत्याही देशाने अद्याप कायद्यात उतरवलेले नाही.

येथे मला नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण होणे अपरिहार्य होते. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साप्ताहिक सुटीची, दुपारच्या विश्रांतीची आणि वेळेवर पगाराची जी मागणी केली, तीपैकी रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली. लोखंड्यांचे काम सोपे होते असे नव्हे; परंतु ज्याच्याकडून सुटी घ्यावयाची तो गिरणीमालक त्याच शहरात राहत होता, आणि त्याचा बंगला कोठे हे कामगाराला ठाऊक होते. तिरुपूरच्या ओव्हरलॉकवरील मुलीचा मालक तिच्या समोर बसतो. तिची मजुरी ठरवणारा मात्र स्टॉकहोम, लंडन किंवा न्यू यॉर्क येथे असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्या दोघांत कोणतेही नाते नसते.

तपासनीस येतात

हे नाते कायद्याने नसले तरी लोकलज्जेने आहे, हे १९९० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थी आणि कामगार संघटनांनी मोठमोठ्या ब्रँडांना जाणवून दिले. त्याला ब्रँडांनी दिलेले उत्तर म्हणजे आचारसंहिता आणि तिची तपासणी. तिरुपुरात प्रत्येक निर्यातदाराच्या स्वागतकक्षात अशा आचारसंहिता चौकटीत मढवून लावलेल्या आढळतात, आणि एकाच भिंतीवर चार-पाच निरनिराळ्या खरेदीदारांच्या असतात. तपासनीस खासगी कंपनीचा, त्याची फी बहुधा कारखान्यानेच भरलेली, त्याच्या येण्याची तारीख पुष्कळदा आधी कळवलेली. त्या दिवशी अग्निशामक नळकांड्या पुसल्या जातात, प्रथमोपचाराची पेटी भरली जाते, जिने मोकळे होतात. किती तास काम करता, या प्रश्नाला काय उत्तर द्यावयाचे ते सकाळीच सांगून ठेवलेले असते. एका सुपरवायझरने हे मला इतक्या सहजपणे सांगितले की त्यात काही लपवण्यासारखे आहे असे त्याला वाटतच नसावे.

या पद्धतीचा पुरा पंचनामा काळाने केला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक माणसे जळून व गुदमरून मेली. खिडक्यांना गज होते. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी त्या कारखान्याला सामाजिक जबाबदारीचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले होते.

भिंतीवरची सही

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार तिच्याखाली गेले. या दुर्घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु मजुरीच्या प्रश्नाशी तिचा जो संबंध आहे तिकडे कमी लक्ष जाते. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपली माणसे घरी धाडली. वरच्या मजल्यांवरील शिवणकामगारांनाही आत जावयाचे नव्हते. कामावर आला नाहीत तर महिन्याचा पगार बुडेल, अशी तंबी त्यांना देण्यात आली. ज्या कुटुंबापाशी पुढल्या आठवड्याचा तांदूळ शिल्लक नसतो त्याला भिंतीतील भेग पाहून परत फिरण्याचे स्वातंत्र्य नसते. तेथील दोन कारखान्यांची तपासणीही खरेदीदारांच्या वतीने पूर्वी होऊन गेली होती.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे घडले ते ब्रँडांना जाब विचारणाऱ्या चळवळीच्या इतिहासातील खरे वळण होय. जागतिक कामगार महासंघ आणि ब्रँड यांच्यामध्ये एक करारनामा झाला, आणि त्यावर पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. अ‍ॅकॉर्ड या नावाने तो प्रसिद्ध आहे. यापूर्वीच्या आचारसंहितांत ब्रँड कारखानदाराला उपदेश करीत असत. या करारात ब्रँड स्वतः बांधला गेला. तपासनीस स्वतंत्र, अहवाल जाहीर, धोक्याच्या इमारतीत काम करण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क मान्य, दुरुस्तीला परवडेल असा व्यवहार ठेवण्याची जबाबदारी खरेदीदारावर, आणि वाद उद्भवल्यास लवादाचा निवाडा बंधनकारक. ही शेवटची अट शोभेची नव्हती: २०१६ साली संघटनांनी दोन ब्रँडांना खरोखरच हेगच्या लवादासमोर खेचले, आणि त्यांनी वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवले. सोळाशेच्या आसपास कारखान्यांच्या भिंती, जिने, तारा आणि दारे या करारामुळे तपासली गेली. हीच मागणी दुर्घटनेपूर्वी दोन वर्षे ब्रँडांपुढे ठेवली गेली होती आणि खर्चाच्या सबबीवर फेटाळली गेली होती.

मात्र या कराराची कक्षा भिंतीपुरती होती. मजुरी किती असावी याबद्दल त्यात काही नाही, आणि ज्या पगाराच्या भयाने माणसे तडा गेलेल्या इमारतीत शिरली त्या पगाराला त्याने हात लावला नाही. मार्च २०२० मध्ये महामारीने पाश्चात्त्य दुकाने बंद झाली तेव्हा या अपुरेपणाचा प्रत्यय आला: तयार झालेल्या, शिवून पिशवीत घातलेल्या मालाचेही पैसे देण्यास अनेक खरेदीदारांनी नकार दिला, आणि एकट्या बांगलादेशात ३०० कोटी डॉलरांहून अधिक मागण्या रद्द वा स्थगित झाल्या. पैसे द्या, एवढीच साधी मागणी घेऊन त्या वर्षी चाललेल्या मोहिमेने काही ब्रँडांकडून थकलेले पैसे वसूल करून घेतले. ज्यांच्याकडून ते वसूल झाले नाहीत, त्यांच्याविरुद्ध दाद मागण्यास कागद नव्हता.

कागद मिळाला तो तिरुपुरापासून फार दूर नसलेल्या दिंडिगल जिल्ह्यात, आणि तोही एका मृत्यूनंतर. जानेवारी २०२१ मध्ये नाची ॲपरल या कारखान्यात काम करणाऱ्या एका दलित तरुणीचा खून झाला. ज्याच्यावर आरोप ठेवला गेला तो तिचा सुपरवायझर होता. तिच्या पाठोपाठ इतर बाया बोलू लागल्या, आणि शिव्या, अंगचटीला येणे, नकार देणाऱ्या मुलीवर कामाचा बोजा लादणे हा तेथला नित्यक्रम असल्याचे उघड झाले. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन ही बायांनी चालवलेली, दलित स्त्रियांच्या पुढारपणाखालील संघटना त्या कारखान्यात आधीपासून होती. तिने आशियाई मूळ वेतन आघाडीच्या साह्याने एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याची मूळ कंपनी ईस्टमन एक्सपोर्ट्स हिच्याशी करार केला, आणि त्याला जोडून एच अँड एम या खरेदीदाराने स्वतंत्र, बंधनकारक करारावर सही केली. पुढे गॅप आणि पीव्हीएच याही आल्या. कराराची यंत्रणा खालपासून उभी आहे. दर पंचवीस कामगारांमागे एक बाई निरीक्षक म्हणून निवडलेली, तिला प्रशिक्षण दिलेले, ती यंत्राशी बसता बसता पाहते आणि तक्रार लिहून घेते. तक्रारीवर निवाडा करणाऱ्यांत मालकाबाहेरची माणसे असतात. आणि मालकाने निवाडा धुडकावला तर खरेदीदाराने त्याला दंड होईल असे पाऊल उचलणे करारानेच आवश्यक ठरते.

दिंडिगल हा कुलपांसाठी प्रसिद्ध असलेला गाव. तेथे एका कार्यकर्त्या बाईंशी, दुभाष्याच्या मदतीने, माझे दीर्घ बोलणे झाले. त्यांना सारे 'अक्का' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पहिल्या वर्षातील तक्रारी कसल्या होत्या, असे मी विचारले तेव्हा मला मोठ्या अत्याचारांच्या कथा अपेक्षित होत्या. अक्कांनी सांगितले ते वेगळेच: बसची वेळ, शौचास जाण्याची परवानगी, पाणी, नावाऐवजी शिवीने हाक मारणे, तासाला अमुक नग झालेच पाहिजेत म्हणून उभे राहून ओरडणे. ओरडणे थांबले म्हणजे नग कमी होतील अशी मालकांची भीती होती, ती खरी ठरली नाही, असे त्या म्हणाल्या. मजुरीचे काय, असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या. कराराने बाईला बोलता येऊ लागले, आणि बोलता येऊ लागल्यावाचून मजुरी मागता येत नाही. पण सदऱ्याचा दर खरेदीदार ज्या खोलीत ठरवतो तेथे युनियनला अजून खुर्ची नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले.

मीठ

तिरुपुराच्या मधून वाहणारी नोय्यल नदी पश्चिम घाटातील वेल्लिंगिरी डोंगरात उगम पावते, कोइमतूर आणि तिरुपूर ओलांडून करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. मी पाहिली तेव्हा पुलाखालून तिचा एक अरुंद, करडा प्रवाह चालला होता, आणि एका वृद्ध दुकानदाराने मला पूर्वी ती रोज निराळ्या रंगाची दिसे असे सांगितले. परदेशी गिऱ्हाईक लाल निवडील त्या आठवड्यात नदी लाल.

परंतु रंग हा या नदीचा मुख्य शत्रू नव्हता. मुख्य शत्रू मीठ होते. सुती कापड पाण्यात बुडवले की त्याच्या तंतूंवर ऋण विद्युतभार येतो, आणि सध्या प्रचारात असलेल्या रिॲक्टिव्ह रंगांचे कणही ऋणभारितच असतात. दोघे परस्परांना दूर लोटतात. हा विरोध मोडण्यासाठी रंगाच्या हौदात मीठ घालावे लागते, आणि गडद छटेला तर किलोभर कापडामागे अर्धा किलो वा त्याहूनही अधिक. रंगाचा बराच भाग तंतूला चिकटून राहतो. मीठ मात्र काहीच चिकटत नाही. जेवढे घातले तेवढे सारे धुवणाच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. काळा सदरा आपणांस साधा वाटतो, परंतु नदीच्या दृष्टीने तोच सर्वांत महाग.

नोय्यलवर ओरथुपालयम येथे शेतीसाठी धरण बांधले गेले. ते १९९० नंतरच्या दशकात पाणी साठवू लागले आणि त्यात रंगारी कारखान्यांचे खारे पाणी साठले. ज्या शेतकऱ्यांसाठी धरण उभारले त्यांनीच हे पाणी आमच्या जमिनीवर सोडू नका अशी मागणी करावी, असा विलक्षण प्रसंग ओढवला; विहिरी खाऱ्या झाल्या, नारळ वाळले. या शेतकऱ्यांच्या नोय्यल आयाकटदार संरक्षण संघाने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. वर्षामागून वर्षे मुदती मागितल्या आणि दिल्या गेल्या, २००९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयातूनही गेले, आणि अखेर जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे सातशे रंगारी व धुलाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. बाहेरगावचे कामगार गाडीने घरी परतले आणि रंगावयाचे कापड टेंपोत घालून आसपासच्या जिल्ह्यांत, जेथे देखरेख ढिली होती तेथे, रात्री-अपरात्री नेले जाऊ लागले.

आज कारखाने चालू आहेत ते 'झिरो लिक्विड डिस्चार्ज' या अटीवर. एका सामुदायिक शुद्धीकरण केंद्रात मी ही व्यवस्था पाहिली. हौदांतील जिवाणूंनी आधी सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खाल्लेली असते. मग ते पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून दाबून गाळले जाते आणि त्यातील बहुतेक पाणी पुन्हा रंगकामाला जाते. उरलेला दाट खारा द्रव वाफेने आटवून मीठ वेगळे काढले जाते. ते मीठही रंगाऱ्याला परत विकले जाते. ज्यात दोन-तीन प्रकारची मिठे मिसळलेली असतात आणि जे कोणी घेत नाही, त्याच्या गोण्या मात्र छपराखाली साठत जातात. वाफेसाठी बॉयलरला लाकूड लागते, आणि फाटकाशी त्याचे ट्रक उभे होते. पाणी वाचवण्यासाठी लाकूड जाळावे लागते, हा या स्वच्छतेचा विरोधाभास तेथील अभियंत्याने माझ्याआधीच बोलून दाखवला.

या सर्वाचा खर्च रंगारी देतो. सरकारने काही कर्ज दिले, बँकांनी काही. खरेदीदाराने काय दिले असे मी विचारले तेव्हा एका रंगारी कारखानदाराने मला त्यांच्याकडून आलेली प्रश्नावली दाखवली. किलोमागे किती लिटर पाणी, किती वीज, कोणती रसायने, मीठ परत मिळवता काय: पृष्ठांमागून पृष्ठे. ती भरून दिली की सदऱ्यावर हिरव्या पानाची चिठ्ठी लागते. दर मात्र ज्या शहरात नदीत थेट पाणी सोडतात तेथल्या रंगाऱ्याच्या दराशी ताडून पाहिला जातो. आपल्याकडे इचलकरंजीत पंचगंगेच्या काठी हा प्रश्न आजही लोंबकळत आहे. २०१२ साली तेथे काविळीची मोठी साथ येऊन गेली, आणि त्या गावातील यंत्रमागावरची मजुरी कापडातील आडव्या धाग्यांच्या संख्येवर, म्हणजे 'पिक'वर, मोजतात, त्या 'पिक'च्या दरासाठीही वारंवार संप होतात. नदी आणि मजुरी यांची भांडणे तेथेही दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत चालतात.

गाठीवरचे गाव

ईस्टमनच्या करारात शिवणकारखान्याबरोबर कंपनीच्या सूतगिरण्याही येतात, आणि ही गोष्ट मला त्यातील सर्वांत दूरदर्शी वाटली, कारण चळवळीची दृष्टी आजवर बहुधा शेवटच्या शिवणीवर खिळलेली असे. दिंडिगलच्या रस्त्यावरील एका निराळ्याच सूतगिरणीचे गोदाम पाहावयास मिळाले, तेव्हा कापसाच्या गाठींवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी वाचू लागले. जिनिंगचे नाव, लॉट क्रमांक, वजन, आणि गाव: वणी, पांढरकवडा. तमिळनाडूच्या गिरण्या कापसासाठी बाहेरच्या राज्यांवर अवलंबून आहेत, हे ठाऊक असूनही ती विदर्भातली नावे तेथे वाचताना चमकल्यासारखे झाले.

अक्कांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की, तुमच्याकडे वेचणाऱ्या बायांना दिवसाला काय मिळते. दिवसाला नव्हे, किलोवर, असे मी म्हटले. दर गावोगाव निराळा, बोंडे एकदम फुटली आणि बाया कमी पडल्या की चढतो. झाडावर कापूस विरळ राहिला की किलो भरावयासच दिवस जातो. टोळी जमवणाऱ्या बाईशी शेतकरी बोलतो, आणि तो शेतकरी स्वतः व्यापाऱ्याच्या दारात असतो. किमान वेतनाचा सरकारी आकडा त्या शिवारात कोणी उच्चारीत नाही. खरेदीदाराची सही सूतगिरणीच्या फाटकापर्यंत आली आहे; जिनिंग, व्यापारी आणि शेत तिच्या पलीकडे आहेत. अक्कांनी तेव्हा विचारले की, मग ब्रँडला तुमचे गाव माहीतच नसेल.

माहीत आहे. अमेरिकेने चीनमधील शिनजियांग येथील मालावर, म्हणजे कापसावरही, बंदी घालणारा कायदा २०२२ पासून अमलात आणल्यामुळे, तिकडे माल धाडणाऱ्याला आपला कापूस कोठला हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते, आणि म्हणून गिरण्यांकडून जिनिंगवाल्यांकडे आता विचारणा होऊ लागली आहे. त्या गोदामाच्या व्यवस्थापकाने मला अशा कागदांची एक फाइल दाखवली. तीत जिनिंगचा पत्ता होता, लॉट होता, खरेदीची पावती होती, तालुका होता. वेचणीचा दर कोणी विचारलेला नव्हता.